नाथसागर भरलाय

15 ऑक्टोबर, रात्री

मराठवाड्यात आजच्या तारखेला पेपर हातात आला की आधी धरणाचा आकडा बघायचा, अशी सवयच लागली आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा (कालव्याला सोडता येतं तेवढं पाणी) 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांच्या खाली असला, तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं 2014 मध्ये ठरलं. त्याला आधार 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातल्या समन्यायी वाटपाचा. आकडा खाली असला की आजपासूनच बैठका, मोर्चे, कोर्ट. गंगापूर, दारणा, मुळा, निळवंडे ही नावं आमच्याकडच्या लेकरांनाही पाठ होतात. मग वरून सुटलेलं पाणी वाटेत किती मुरलं आणि पैठणला किती पोचलं, यावर पुन्हा वाद.

यंदा त्यातलं काहीच नाही. धरण भरलं आहे, दारं उघडून खाली गंगेत पाणी सोडावं लागलं. (गोदावरी फक्त नकाशात. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात.) घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या घरात दिवसभर हाच विषय होता. दीर वाळूजला कंपनीत आहेत, त्यांचाही फोन येऊन गेला, "वहिनी, औंदा गव्हाचं बघा."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भरलं म्हणतेत. आमच्या मारुतीच्या कळसावर किती पाणी असंल आता?"

त्यांचं माहेर धरणात गेलं. शेवगावच्या बाजूचं, गंगथडीचं गाव. काळीभोर जमीन. त्या सांगतात, तिथे ज्वारी पाण्याशिवाय डोक्याच्या वर जायची. नाथसागराखाली, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाखाली, शंभरावर गावं गेली, त्यातलं हे एक. मोबदला हप्त्याहप्त्यानं आला, भावकी पांगली, नव्या गावठाणात घरं बांधेपर्यंत एका भावानं जमिनीचा नाद सोडला. आत्याबाईंचं लग्न त्याआधीच झालं होतं, म्हणून गाव उठताना त्या तिथे नव्हत्या. मला वाटतं, ते त्यांना जास्त लागून राहिलं आहे. उन्हाळ्यात साठा फार खाली गेला की जुन्या गावठाणांचे चौथरे आणि देवळं उघडी पडतात. मग त्यांच्या माहेरची माणसं मारुतीला नारळ फोडायला चिखल तुडवत जातात. आत्याबाई मात्र एकदाही गेल्या नाहीत.

हे आज लिहून ठेवायचं कारण असं की, त्याच धरणाच्या डाव्या कालव्यावर त्यांचं सासर आहे. त्यांची भावंडं ज्या पाण्यानं उठली, त्याच पाण्यावर त्यांची लेकरं शिकली. हा हिशोब त्यांनी कधी कुणापुढे मांडला नाही. धरण मला मिळालं ते आयतं, लग्न होऊन आले तेव्हा कालवा वाहत होता. म्हणून तो हिशोब मीच मांडला पाहिजे असं वाटतं.

धरणाचं भूमिपूजन 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं, म्हणजे परवा नाही तेरवा ती तारीख येते. आधी जागा बघितली होती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ. धरण झालं पैठणला, पण नाव जायकवाडीचंच राहिलं. जलाशयाला मात्र एकनाथ महाराजांचं नाव मिळालं. 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. मराठवाड्याला पाणी मिळावं म्हणून त्यांनी जो हट्ट धरला, त्याबद्दल आमच्या घरात आजही आदरानंच बोलतात. बांध मातीचा, लांबी दहा किलोमीटरच्या वर, 27 दारं. पोटात एकूण साधारण 102 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यातलं 76 उपयुक्त, बाकी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली राहणारं पाणी.

काम चालू असतानाच 72 चा दुष्काळ पडला. तेव्हा मामंजी खडी फोडायला जात होते. मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी आणि सुकडी एवढंच पोटाला. पुढे कालव्याचं खोदकाम आमच्या भागात आलं, तर तिथेही त्यांनी माती वाहिली. कालव्याला पहिलं पाणी आलं त्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका ओटी भरायला गेल्या. आत्याबाई गेल्या नाहीत, पोटात दुखतंय म्हणून घरीच राहिल्या. त्या हिवाळ्यात हरभऱ्याला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, मात्र त्या स्वतः रात्री-बेरात्री मामंजींबरोबर उभ्या होत्या. मला हे मामंजींनी सांगितलं, त्यांच्या शेवटच्या आजारपणात. आत्याबाईंनी अजून एका शब्दानं सांगितलेलं नाही.

कालवा येण्याआधी इथे पावसाळा संपला की शेतीही संपत होती. बाजरी, मूग, थोडा कापूस. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर सोडलेली, आली तर आली. कालव्यानं सगळ्यात मोठी कोणती गोष्ट दिली असेल तर ती दिवाळीनंतरचं पीक. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी एक आणि घाटे भरताना एक, अशा दोन पाळ्या मिळाल्या तरी उतारा कुठल्या कुठे जातो. गव्हाला जास्त लागतात. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, किती दिवस चालणार, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि त्या तारखेवरून गावात लग्नाच्या तारखाही मागेपुढे होताना मी पाहिल्या आहेत. त्यातही ज्यांच्या शेताला चारी (कालव्याचा छोटा फाटा) लागत नाही त्यांच्या विहिरीला पाझर लागतो. कालव्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी मार्चमध्येही ओल्या असतात, वरच्या अंगाच्या जानेवारीतच तळ दाखवतात. बांधावर उभं राहिलं तरी हा फरक डोळ्यांना दिसतो.

डावा कालवा 208 किलोमीटरचा. पैठणहून निघून अंबड, घनसावंगी करत परभणी जिल्ह्यात पाथरी-मानवतकडे जातो. उजवा 132 किलोमीटरचा, तो बीड जिल्ह्यात जाऊन माजलगावच्या धरणाला पाणी देतो. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचं पाणीही शेवटी याच साखळीवर अवलंबून. 2013 मध्ये ही साखळी आटली आणि ते केंद्र बंद ठेवावं लागलं. पैठणला पाणी नसलं की परळीत वीज बंद होते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि शहर. छत्रपती संभाजीनगर पन्नासेक किलोमीटरवरून नाथसागराचंच पाणी वर उचलून पितं. जालना पितं, वाळूजच्या कंपन्याही त्यावरच चालतात. दिराचा पगार मी मनातल्या मनात धरणाच्याच फायद्यात धरते. दुष्काळाच्या वर्षी शेतीची आवर्तनं बंद होतात, उपयुक्त साठा संपतो, तेव्हा लाखो लोक मृतसाठ्यावर जगतात. आम्ही तेव्हा कोरड्या कालव्याकडे बघत बसतो, पण पिण्याचं पाणी आधी, याबद्दल गावात कुणाचं दुमत ऐकलेलं नाही.

2012-13 चा तो हंगाम विसरता येत नाही. आमच्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. ज्यांना परवडलं त्यांनी टँकर लावून झाडं जगवली, बाकीच्यांनी तोडून सरपण केलं. पंधरा-वीस वर्षांचं झाड तोडणाऱ्या माणसाकडे बघवत नाही. उलट 2006 च्या ऑगस्टमध्ये इतका विसर्ग करावा लागला की पैठण शहरात पाणी शिरलं. तेव्हा धरण भरलं या शब्दाला खालच्या गावांत लोक घाबरतही होते. तेही खरंच आहे.

नाथसागर परातीसारखा पसरट आहे. खोली कमी, पसारा मोठा, म्हणून उन्हाळ्यात बाष्पीभवन फार. पण त्या उथळ काठांवर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, रोहित (फ्लेमिंगो) येतात. 1986 पासून तिथे अभयारण्य आहे. पाणी ओसरलं की काठाची माणसं उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर करतात, भोई बांधव मासेमारीवर घर चालवतात. ज्यांचं गेलं त्यांतल्या काहींना याच पाण्यानं थोडं परतही दिलं, एवढं समाधान.

आता जे मला सतत टोचतं ते. धरण भरलं तरी पाणी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पोचतंच असं नाही. कालवा जुना झाला, अस्तर ठिकठिकाणी उखडलं, आखला होता तेवढा प्रवाह तो आता वाहून नेत नाही. चाऱ्यांमध्ये वेड्या बाभळी वाढल्या, दारं मोडून पडली. वरच्या अंगाला उसाचे फड उभे, आणि शेवटच्या शिवारातला माणूस आवर्तन संपायची वेळ आली तरी पाण्याची वाटच बघतो. आमच्या चारीवर मधेच एक फुटका मोरा आहे. तिथून पाणी सरळ ओढ्याला जातं, रात्रंदिवस. दरवर्षी आम्ही पोत्यात माती भरून तो बुजवतो, दरवर्षी तो फुटतो.

लोक म्हणतात, जाऊ द्या, धरण तर भरलंय. मला ते म्हणवत नाही. ओढ्याला जाणारं ते पाणी कुणाच्या तरी मारुतीच्या कळसावरून आलेलं आहे. ज्यांनी घरं सोडली त्यांना आपण पिढ्यान् पिढ्या काय देणार? निदान त्यांच्या जागेवर साठलेलं पाणी वाया जाऊ न देणं एवढं तर हातात आहे. धरण बांधताना देशानं जेवढी हिंमत दाखवली तेवढीच कालवा दुरुस्त ठेवायला दाखवली पाहिजे, आणि चारी साफ ठेवायला आम्ही. भरलेल्या वर्षीच हे काम उरकलं पाहिजे, कारण कोरड्या वर्षी कालव्याकडे कुणी फिरकत नाही.

जेवताना मी हे घरात बोलले. हे म्हणाले, मोऱ्याला या वेळी सिमेंटचं काम करू, वर्गणी काढू. आत्याबाईंनी ताटातून मान वर न करता विचारलं, "किती लागतील पैसे?" आकडा सांगितला तर म्हणाल्या, "माझे शेळीचे पैसे पडून आहेत, ते घ्या."

उद्या सकाळी पाणी मागणीचा नमुना 7 भरायचा. गहू एक एकर, हरभरा दोन. मागच्या पाणीपट्टीची बाकी आधी भरावी लागेल, त्याशिवाय अर्ज घेत नाहीत. चारीवरच्या सगळ्यांना रविवारी सकाळी बोलावलं आहे, बाभळी तोडायला कुऱ्हाडी आणि कोयते घेऊन. कापूस वेचणीचे दिवस आहेत, माणसं कमी येतील, पण तरीही सुरुवात करायचीच. गवंड्याला फोन राहिला, तो उद्या पहिल्यांदा.