‘हे तर कुणीही काढेल’: तुम्ही विचारलंत म्हणून

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठी स्पर्धा आली, हायवेला तिचे फलक लागले, की तिच्या चिन्हाबद्दल, म्हणजे लोगोबद्दल, तुमचा प्रश्न ठरलेला. दोन पट्ट्या नि एक गोळा, याचे एवढे पैसे? आणि हा लोगो अमक्याची कॉपी वाटत नाही का? दर वेळी दोन वाक्यांत उत्तर दिलं जातं आणि कुणाचंच समाधान होत नाही.

काढायला कुणीही काढेल, मान्य. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकसाठी जपानी डिझायनर यूसाकू कामेकुरांनी काय काढलं? एक मोठा लाल गोळा, खाली ऑलिंपिकची सोनेरी कडी, त्याखाली नाव आणि साल. पण ते चिन्ह कुठेही टिकतं, आणि कस तिथेच लागतो. सायन-पनवेल हायवेवर ताशी ८० ने जाणाऱ्याला होर्डिंग दोन-तीन सेकंद दिसतं. तेच चिन्ह स्वयंसेवकाच्या टोपीवर दीड इंचात भरावं लागतं. मशीनच्या भरतकामात मिलिमीटरभराहून बारीक रेघ कापडात बुडते, जवळच्या दोन रेघांमधली फट बुजते, आणि एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारी छटा धाग्यात नीट उतरत नाही. काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या शाईने स्क्रीन-प्रिंट मारलं की शाई पसरून अक्षरांची पोटं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, भरतात. म्हणून चिन्ह आधी नुसत्या काळ्यात तपासायचं, मग काळ्यावर पांढरं, मग १५ मिलिमीटर रुंदीत. रंग सगळ्यात शेवटी. अर्थ सांगणारा परिच्छेद तर बहुतेक वेळा त्याच्याही नंतर लिहिला जातो, हे कबूल करायला हरकत नाही.

आता कॉपी. टोकियो २०२० ऑलिंपिकचं पहिलं चिन्ह डिझायनर केन्जिरो सानो यांचं, इंग्रजी ‘टी’च्या आकाराचं. ते २४ जुलै २०१५ ला जाहीर झालं: मध्ये काळा उभा खांब, डावीकडे वर सोनेरी तुकडा, उजवीकडे खाली रुपेरी, वरच्या कोपऱ्यात लाल गोळा. काही दिवसांतच बेल्जियमचे डिझायनर ऑलिव्हिए देबी म्हणाले, हे मी लिएजच्या नाट्यगृहासाठी केलेल्या चिन्हासारखं आहे. आयोजकांनी आधीच ट्रेडमार्कचा, म्हणजे नोंदवलेल्या चिन्हांचा, शोध घेतला होता. त्यात मिळतीजुळती चिन्हं सापडली म्हणून सानोंचं मूळ चित्र बदलूनही घेतलं होतं. नाट्यगृहाचं चिन्ह मात्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलंच नव्हतं, म्हणून शोधात ते आलं नाही. बचावासाठी मूळ चित्र लोकांपुढे ठेवलं, तर ते जर्मन टायपोग्राफर यान त्शिशोल्ड यांच्यावरच्या प्रदर्शनाच्या पोस्टरशी जुळतं म्हणून नवी ओरड. मधल्या काळात एका बिअर कंपनीच्या पिशव्यांसाठी आपल्या कर्मचाऱ्यांनी दुसऱ्यांचं काम उचलल्याचं सानोंनी मान्य केलं. ऑलिंपिकच्या चिन्हाची चोरी मात्र त्यांनी कधीच कबूल केली नाही. १ सप्टेंबरला चिन्ह मागे घेतलं गेलं.

पूर्वी मी ठासून म्हणायचो: शोध झाला, नोंद सापडली नाही, विषय संपला. चौकोन, वर्तुळ आणि वर्तुळाचा पाव तुकडा एवढ्यावर ‘टी’ बांधायचा, तर जगात दोघांचे ‘टी’ जुळणारच. हे मला आजही पटतं. पण विषय संपला असं आता म्हणवत नाही, कारण ट्रेडमार्कच्या शोधात नोंदवलेली चिन्हं सापडतात आणि लोकांच्या डोळ्यांना सगळंच सापडतं. तरी नुसतं साम्य दाखवून चोर ठरवणं मला अजूनही अन्यायाचं वाटतं. पिशव्यांचं प्रकरण चिन्हाच्या खात्यावर का मांडायचं? आणि का नाही, हेही कळतं.

नंतर नव्या चिन्हासाठी डिझाइनची स्पर्धा सर्वांना खुली केली. १४,५९९ प्रवेशिका आल्या आणि एप्रिल २०१६ मध्ये असाओ तोकोलो यांचं निळं चिन्ह निवडलं गेलं. तीन प्रकारचे ४५ आयत, तेच ४५ पॅरालिंपिकच्या चिन्हात वेगळे रचलेले. रंग एकच, छटा नाहीत, म्हणून छापायला सोपं. भरतकामात मात्र आयतांचे कोपरे टोकाला टोक लावून आहेत, तिथे टाका जरा सरकला की दोन आयत चिकटतात किंवा मध्ये फट पडते.

तेव्हा पुढच्या वेळी कॉपी म्हणायचं असेल तर दोन्ही चिन्हं काळ्या-पांढऱ्यात, एकाच मापात शेजारी ठेवून आणा. कुठला भाग जुळतो ते बोट ठेवून दाखवा. मग भांडू.