बाराव्याचा फोटो

आमच्या धंद्यात अर्जंट दोन प्रकारचं असतं. एक पासपोर्ट साईझ, म्हणजे फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख आणि पोरगं आज रात्री साडेआठला शटर अर्धं ओढल्यावर येणार. दुसरा बाराव्याचा फोटो. पासपोर्टवाल्यावर चिडता तरी येतं.

कराडजवळ आमचा स्टुडिओ आहे, एकोणीस वर्षं झाली. लग्नाच्या ऑर्डरी, फ्रेम, लॅमिनेशन, हल्ली फ्लेक्सपण करतो कारण नुसत्या फोटोवर आता घर चालत नाही. ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली. सकाळी अकराच्या सुमारास तिघं भावंडं आली. थोरला पंचावन्नचा असेल, साखर कारखान्यात नोकरीला, त्याला बाकीचे दोघं दादा म्हणत होते म्हणून मीपण दादाच म्हणतो. मधली बहीण, पाटणकडं दिलेली. आणि धाकटा, जो बराच वेळ बोललाच नाही. आई जाऊन सात दिवस झालेले. दादांनी खिशातनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. "यातला मोठा करून द्या. बाराव्याला हार घालायला एक आणि चौकात लावायला फ्लेक्स."

आता आधार कार्डावरचा फोटो बघून कुणाला कुणाची माया दाटून आलीय असं मी तरी अजून बघितलेलं नाही. खाली मान करू नका, वर बघा, हलू नका, असं दमात घेऊन कॉम्प्युटरच्या बोटभर कॅमेऱ्यातनं काढलेला फोटो तो. म्हातारीचा चेहरा घाबरल्यासारखा दिसत होता. त्यातनं बारा बाय अठरा काढायचा म्हणजे दगडातनं तेल काढण्यापैकी. पण आमच्याकडं असिस्टंट पोरगं आहे, त्याला एआयचा भारी नाद. "द्या की दादा, पाच मिनिटात करतो," म्हणाला आणि केलापण. फोटो शार्प झाला, मागं निळं आभाळ आलं, सुरकुत्या गेल्या, आणि वर त्यानं हसू टाकलं. ओठांची टोकं वर, दात पांढरेशुभ्र. मला वाटलं बरं जमलंय, दाखवलं.

बहिणीनं स्क्रीनकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "ही कोण?"

मग जवळ येऊन बोट लावून दाखवायला लागली. आईच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं, एआयनं डाग समजून ते पुसून टाकलेलं. आणि आईचा वरचा पुढचा दात नव्हता, दहा वर्षांपूर्वी पडलेला, इथं तर बत्तीसच्या बत्तीस. धाकटा पहिल्यांदा बोलला तो हेच, की आई असं दात दाखवून कधी हसलीच नाही, दात पडल्यापासून तोंडाला पदर लावूनच हसायची.

पण मला खटकलं ते वेगळंच. दात काढून टाकला, गोंदण परत आणलं, तरी चेहरा परकाच वाटत होता. तोंड हसतंय आणि डोळे मात्र आधार केंद्रात बसलेत. ही गोष्ट आमच्या शिकवणाऱ्या सरांनी मला फार पूर्वी सांगितलेली. ड्युशेन नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता, त्यानं एका म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर विजेचे बारीक झटके देऊन एकेक स्नायू हलवून फोटो काढले, १८६२ साली त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं की ओठाची टोकं वर ओढणारा गालातला स्नायू आपल्या मर्जीनं हलतो, पण डोळ्याभोवतीचा जो गोल स्नायू आहे तो मनातनं हसू आल्याशिवाय सहसा हलत नाही. डोळ्याच्या कडेला बारीक घड्या पडतात, खालची पापणी वर चढते, गाल वर येतो. आम्ही नवरदेवाला "हसा, हसा" म्हणतो तेव्हा गालाचाच स्नायू हसतो. म्हणून तर आपण चीज म्हणायला लावलेल्या फोटोंकडं दुसऱ्यांदा बघत नाही.

मग आठवलं की यांच्या घरातलं लग्न मीच शूट केलेलं. दादांच्या मुलाचं, चार वर्षांपूर्वी. हार्डडिस्क शोधली (आम्ही अल्बममधे न गेलेले फोटोपण टाकून देत नाही, बायको त्यावरनं रोज बोलते). तीन हजार सातशे फोटो. चौघं मिळून बघत बसलो. स्टेजवर आजींचा ग्रुप फोटोतला चेहरा होता, सरळ, गंभीर, अंगावर नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ. दादा लगेच म्हणाले हाच, हाच काढा. मला त्यांचं पटतपण होतं खरं तर. हार घातलेल्या फोटोत माणूस जरा करारी दिसावा असं आपल्याकडं वाटतंच. आणि आपल्याकडंच कशाला, चर्चिलचा तो जगभर छापला गेलेला रागीट फोटो घ्या, कार्श नावाच्या फोटोग्राफरनं १९४१ मधे ओटावात काढलेला. युद्धात ब्रिटन कसं उभं राहिलं ते त्या चेहऱ्यात दिसतं असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात क्लिक करायच्या आधी कार्शनं पुढं होऊन चर्चिलच्या तोंडातली सिगार काढून घेतलेली, त्याचा तो राग. लगेच दुसरा फोटोपण काढलाय, त्यात चर्चिल हसतोय. तो फारसा कुणी भिंतीला लावत नाही.

तर दादांचा फोटो नक्की झाला, मी क्रॉप करायला घेतला, आणि माऊस सरकवताना पुढचे चार-पाच फोटो सरसर पुढं गेले. बहीण म्हणाली, "थांबा. मागं घ्या."

उखाण्याच्या वेळचा फोटो होता. नवरदेव उखाणा विसरलेला, नुसतंच "महादेवाच्या पिंडीला... महादेवाच्या पिंडीला..." करत बसलेला, ते मलापण आठवतंय. मी ८५ एमएमची लेन्स लावून नवरीच्या चेहऱ्यावर होतो आणि सहज बाजूला वळवून आजींचा एक घेतला. हिरव्या पदराचं टोक मुठीत धरून तोंडावर घट्ट दाबलेलं. तोंड अजिबात दिसत नाही. नाकसुद्धा अर्धंच. पण डोळे इतके बारीक झालेले की नुसत्या दोन रेघा, कडेला सुरकुत्यांचं जाळं, कपाळावरचं गोंदण वर चढलेलं आणि डाव्या डोळ्यात पाणी, त्या पाण्यात मांडवातल्या एलईडीचा ठिपका चमकत होता.

मी हा फोटो तेव्हा रिजेक्टमधे टाकलेला. तोंड झाकलंय म्हणून.

बहीण हसली. म्हणजे हसायला सुरुवात केली आणि मधेच रडू आलं, आणि त्या दोन्हीच्या मधे तिनं ओढणी मुठीत धरली आणि तोंडावर दाबली. अगदी तश्शीच. मूठ तशीच, मान एका बाजूला. तिला कळलंपण नसेल. धाकटा स्क्रीनकडं बघत गालातल्या गालात हसत होता. इतकंच काय, बाकावर कॉलेजची एक मुलगी पासपोर्ट साईझसाठी थांबलेली, तिचा या घराशी काडीचा संबंध नाही, ती पण मान लांब करून बघत हसायला लागली आणि मग हे कशासाठी चाललंय ते लक्षात येऊन एकदम गप्प झाली. डिमबर्ग नावाच्या एका स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९८२ मधे हे मोजून दाखवलंय, लोकांना हसऱ्या आणि रागीट चेहऱ्यांचे नुसते फोटो दाखवले तर बघणाऱ्याचे गालाचे आणि भुवईचे स्नायू आपोआप तसेच बारीक बारीक हलतात. वाचलं होतं मी कुठंतरी. पण त्या दिवशी दुकानात डोळ्यासमोर घडलं.

दादा मात्र फोटोकडं बघतच नव्हते. ते बहिणीकडं बघत होते. ओढणी दाबलेल्या तिच्या हाताकडं.

मग म्हणाले, "तोंड झाकलेला फोटो लावला तर लोक काय म्हणतील." पण आवाजात दम नव्हता.

बहीण काही बोलली नाही. धाकटा म्हणाला, "लोकांना फ्लेक्स आहे की."

फ्लेक्सचं एक सांगतो. आमच्याकडं एकाच माणसाचा हसरा कटआऊट वाढदिवसाच्या फ्लेक्सला जातो आणि काही वर्षांनी तोच भावपूर्ण श्रद्धांजलीला. फाईल तीच, हसू तेच, पण खालची ओळ बदलली की बघणाऱ्याच्या पोटात कालवतं, लोक म्हणतात बघा कसा डोळ्यातनं बोलायचा. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाच्या सिनेमावाल्यानं नेमकं हेच केलेलं म्हणतात, एका नटाचा तोच चेहरा एकदा सूपच्या वाटीपुढं, एकदा शवपेटीपुढं जोडला आणि लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. म्हणजे अर्धा भाव बघणारा घरनं घेऊन येतो. त्या मुलीला आजींच्या डोळ्यात नुसतं हसू दिसलं. बहिणीला पडलेला दातपण दिसत असणार.

शेवटी ठरलं ते असं. चौकातल्या फ्लेक्सला आणि हाराला सरळ चेहऱ्याचा. आणि घरात, आतल्या खोलीत, पदराचा. दोन्ही बारा बाय अठरा. पदराच्या फोटोला मी काही म्हणजे काहीच केलं नाही, थोडा पिवळेपणा कमी केला तेवढंच. असिस्टंट म्हणाला डोळ्यातलं पाणी काढू का, डाग दिसतोय. म्हणलं हात लावलास तर बघ.

तिसऱ्या दिवशी दादा एकटेच न्यायला आले. बाहेर पाऊस. हाराचा फोटो पेपरात गुंडाळून रिक्षावाल्याकडं दिला आणि दुसरा काउंटरवर उभा करून बघत बसले. मी उगाच लॅमिनेशन मशिनशी खुडबुड करत राहिलो. पाचेक मिनिटांनी विचारलं, किती झाले. दोन्हीचे मिळून मी दोन हजार सांगितले, फ्रेम धरून. त्यांनी पाकीट काढलं, अठराशे मोजून ठेवले.

मी बघतोय म्हणल्यावर म्हणाले, "आई आली असती तर पंधराशेच दिले असते तुला."