तुम्ही विचारलंत म्हणून: झोपेत लाथा मारणाऱ्या बाबांचा एमआरआय काढावा का?

झोपेच्या तपासणीच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते असं कळलं की लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही कुणीतरी मला बाजूला घेतं. "आमचे बाबा झोपेत ओरडतात, लाथा मारतात. पुढे पार्किन्सन होतो असं वाचलं. मेंदूचा एमआरआय काढला तर कळेल ना?"

तेवढ्यासाठी नका काढू. आधी रात्रभराची झोपेची तपासणी करा, व्हिडिओसकट.

ज्या झोपेत ठसठशीत स्वप्नं पडतात, त्या रेम झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच चालू असतो, पण हातपाय लुळे असतात. इंजिन सुरू आणि गाडी न्यूट्रलमध्ये. हे लुळेपण मेंदूच्या बुंध्यातून, ब्रेनस्टेममधून येतं. तिथल्या पेशींचा एक पुंजका मज्जारज्जूला संदेश धाडतो आणि स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी गप्प होतात. फ्रान्समध्ये ल्योंला मिशेल झुवे यांनी मांजरांच्या मेंदूतली ही जागा निकामी केली, तर ती झोपेतच उठून झडप घालू लागली. माणसांमध्ये हे लुळेपण सुटलं की स्वप्नातली हालचाल अंगात येते. या आजाराला रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात, आणि तो १९८६ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड या डॉक्टरांनी मांडला.

तपासणीत मी हनुवटीवर आणि नडगीजवळ इलेक्ट्रोड चिकटवते. रेम सुरू झाली की पडद्यावरची हनुवटीच्या स्नायूंची रेघ सपाट व्हायला हवी. एका आजोबांची रेघ पहाटे जाड, खरखरीत झाली. कॅमेऱ्यात डोळे मिटलेले, आणि दोन्ही हातांनी ते हवेत काहीतरी ढकलत होते, "हट्, हट्" म्हणत. हाक मारताच जागे झाले, अगदी शुद्धीवर. बैल अंगावर आला होता म्हणाले. झोपेत चालणाऱ्याला उठवलं तर तो बावचळतो, इथे तसं सहसा होत नाही. आणि अशी रेघ एमआरआयमध्ये दिसत नाही.

मग मेंदूतल्या बदलांचं काय? ते खरे आहेत. माणूस जागेपणी यंत्रात नुसता पडून असताना मेंदूचे कोणते भाग एका लयीत चालतात, हे फंक्शनल एमआरआयने मोजता येतं. ऑक्सफर्डच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की हा झोपेचा आजार असलेल्यांत, पार्किन्सन झालेला नसतानाही, बेसल गँग्लियाच्या जाळ्यातले दुवे सैल झालेले असतात, पार्किन्सनच्या रुग्णांत असतात तसेच. हालचालीची सुरुवात आणि वेग सांभाळणारं हेच जाळं. पण हे निष्कर्ष गटांच्या तुलनेतून येतात. एकट्या तुमच्या बाबांचा स्कॅन बघून "यांना होणार, यांना नाही" असं सांगता येत नाही. नेहमीचा एमआरआय तर हे दुवे मोजतच नाही. तो न्यूरॉलॉजिस्टनी दुसऱ्या कारणासाठी सांगितला, तर जरूर काढा.

या जाळ्यांबद्दल मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पॅरिसचं काम. पितिए-साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या जोडीदारांना विचारलं, की झोपेत ही माणसं हलतात कशी? जोडीदारांनी सांगितलं, दिवसा अडखळणारा माणूस झोपेत झपाट्याने, जोरात हात चालवतो, आवाजही मोठा आणि स्पष्ट येतो. बिघडलेलं बेसल गँग्लियाचं जाळं टाळून हालचालीचा हुकूम दुसऱ्या वाटेने खाली जात असावा, असं त्या डॉक्टरांना वाटतं. म्हणजे ताकद शाबूत असते, दिवसा तिच्यापर्यंत पोचायची वाट अडलेली असते. रात्रपाळीत हे आठवलं की अंगावर काटा येतो.

आकडा लपवणं मला पटत नाही, म्हणून तोही सांगते. झोपेच्या या आजाराच्या, २४ केंद्रांतल्या १,२८० रुग्णांचा २०१९ चा अभ्यास आहे. त्यांच्यातल्या दरवर्षी साधारण ६ टक्के लोकांना पार्किन्सन किंवा त्याच्या जातकुळीतला आजार झाला, १२ वर्षांत सुमारे तीन चतुर्थांश लोकांना. तो थांबवणारं सिद्ध औषध आज नाही. त्यामुळे बाबांना किती सांगायचं हे परस्पर ठरवू नका, त्यांनाच विचारा. काहींना सगळं हवं असतं, काहींना फक्त आज रात्रीपुरतं. "त्यांना कळू देऊ नका" म्हणणारी मुलं मला समजतात, पण आजार त्यांचा आहे.

आणि झोपेत हातपाय झाडणारा प्रत्येक जण या आजाराचा नसतो. तीव्र स्लीप ॲप्नियात श्वास अडून माणूस असाच धडपडतो, आणि त्याला उपचार आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे सुरू होतं, पण म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. आजार निघालाच तर डॉक्टर मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात, रात्री शांत होतात.

तोवर पलंग भिंतीपासून सरकवा, उशालगतचा काचेचा तांब्या-पेला हलवा, आईंचं अंथरूण थोडं लांब घाला. मोबाईलवर एखाद्या रात्रीचा व्हिडिओ काढून ठेवा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि तपासणीला येताना आईंना बरोबर आणा. रात्री काय होतं ते बाबांना ठाऊक नसतं, आईंनाच विचारावं लागतं.