इंदुरात पुलपिट बघत फिरताना

चर्चमध्ये शिरल्यावर बहुतेकांची नजर समोरच्या क्रुसावर जाते, मग रंगीत काचांवर. मी आधी पुलपिट शोधतो, म्हणजे उपदेशकाने उभं राहून बोलायची उंच, कठड्याची जागा. ते डावीकडे आहे, मधोमध आहे, की पुलपिट नसून नुसतं एक स्टँड आहे, एवढ्यावरून ती मंडळी मुळात कुठल्या परंपरेतली हे बरंचसं कळतं. इंदूर यासाठी सोयीचं गाव. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचं), प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडकडचं प्रॉटेस्टंट) आणि कॅथलिक (रोमच्या पोपचं), तिन्ही वळणं एका शहरात सापडतात आणि ऑटोने रविवारच्या सकाळीच उरकतात. पोहे-जिलबी आधी खाऊन घ्यावी, कारण उपासना कधी लांबेल सांगता येत नाही.

सुरुवात रेसिडेन्सी भागातून करावी. सेंट अ‍ॅन्स, म्हणजे सगळ्या इंदुराला ठाऊक असलेलं व्हाइट चर्च, १८५८ सालचं. कंपनीचा कारभार जाऊन राणीचा अंमल आला तेही याच साली. अँग्लिकन वळणाच्या चर्चमध्ये मांडणी सहसा ठरलेली असते. मधल्या वाटेच्या टोकाला वेदी. वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला पुलपिट आणि उजवीकडे शास्त्रपाठासाठी लेक्टर्न, पुष्कळ ठिकाणी पंख पसरलेल्या पितळी गरुडाच्या पाठीवर. प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीची, वेदी सगळ्यांना दिसली पाहिजे म्हणून मधली जागा मोकळी, आणि उपदेशक बाजूला. पण बाजूला म्हणजे दुय्यम नव्हे. इंग्लंडमध्ये १६०३च्या चर्च-नियमांनी प्रत्येक चर्चमध्ये मंडळीच्या खर्चाने नीटनेटकं पुलपिट हवंच, असं बंधन घातलं होतं.

कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशन इंदुरात आलं १८७७ मध्ये. ख्रिश्चन कॉलेज त्यांचंच, १८८७चं. या परंपरेत पुलपिट मध्यावर येतं, उंच आणि वजनदार, आणि प्रभुभोजनाचं मेज त्याच्या पायाशी, खालच्या पातळीवर. वचन ऐकणं हा उपासनेचा गाभा, मग ते सांगण्याची जागाही मधोमध. याची मुळं थेट सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेत आहेत. जर्मनीतल्या टोरगाऊच्या किल्ल्यातलं चॅपल १५४४ साली खुद्द त्या सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरने उद्घाटन केलेलं. तिथे पुलपिट लांब भिंतीच्या मधोमध बसवलं, म्हणजे दोन्ही टोकांचे लोक जवळपास सारख्याच अंतरावर येतात. स्कॉटिश वळणाच्या मंडळ्यांत जुनी रीत अशी, की आधी एक सेवक पवित्र शास्त्र आणून पुलपिटावर ठेवतो आणि उपदेशक त्याच्यामागून येतो. मान पुस्तकाचा, माणसाचा नव्हे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व आणखी काही मंडळ्या एका छत्राखाली आल्या. तेव्हापासून बाहेरचा बोर्ड एकच. आत लाकूडकाम मूळचं राहिलं असेल, तर जुनं घराणं मात्र तेच सांगतं.

मिशनच्या काळातलं एक पुलपिट जवळून बघण्यासारखं आहे. सागवानी, आठकोनी, जमिनीपासून चारेक फूट उंच, मागून सहा पायऱ्या. आत एका माणसाला वळता येईल एवढीच जागा. कठडा कोपरापर्यंत येतो आणि त्यावर पुस्तकासाठी उतरती फळी. फळीची खालची कड पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनगटांनी गुळगुळीत झालेली. आत तळाला एक सुटा पाट ठेवलाय, बुटक्या उपदेशकासाठी. तो नसला तर मागच्या बाकांवरून नुसतं कपाळ दिसतं. पायाशी मात्र वाळवीची मातकट रेघ होती. कारण सरळ आहे: पुलपिट भिंतीला टेकवलेलं आणि तळ थेट फरशीवर. पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि वाळवी आडोशाने वर चढते. भिंतीपासून वीतभर अंतर आणि खाली दगडाचे तुकडे, एवढ्यानं वरचेवर लक्ष ठेवता येतं. वरून पॉलिश चढवून काही होत नाही. लाकूड आतून पोखरत राहतं.

उंचीचं कारण अधिकार दाखवणं एवढंच नाही. आवाज बसलेल्या लोकांच्या डोक्यांना घासून गेला की कपडे आणि अंगं तो शोषून घेतात आणि दहाव्या रांगेपर्यंत व्यंजनं गळून पडतात. बोलणारा वर असला की आवाज तिरका खाली येतो, वाटेत अडत नाही. काही पुलपिटांवर लाकडी छत्री असते, तिलाही काम आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. छत्री डोक्यापासून मीटरभर वर असेल तर तिथून परतलेला आवाज मूळ आवाजाच्या मागोमाग, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत पोहोचतो. कान दोन्ही एकच धरतो आणि शब्द ठसठशीत ऐकू येतो. छत्री नसेल तर तोच आवाज उंच छतावर जाऊन उशिरा परततो. सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षा जास्त उशीर झाला, म्हणजे सतराएक मीटर जादा वाट, की शब्दावर शब्द चढतो. दुरुस्तीत छत्री ‘नुसती शोभेची’ म्हणून उतरवतात आणि मग ऐकू येत नाही म्हणून स्पीकर वाढवतात. याला काय म्हणावं!

स्पीकरचंही शास्त्र आहे. माईक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर हवा. अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलने उतरते, ऑपरेटर व्हॉल्यूम चढवतो आणि शिट्टी सुरू होते. स्पीकर पुलपिटाच्या मागच्या भिंतीवर लावले तर ती हमखास. ते माईकच्या पुढे, लोकांच्या बाजूला हवेत. लांब चर्चमध्ये मागे जादा स्पीकर लावले तर त्यांना अंतराच्या हिशोबाने उशीर द्यावा लागतो, दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. नाहीतर मागच्या बाकांवर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. मे महिन्यात सगळे पंखे पाचवर असतात ते वेगळंच.

तिसरा थांबा सेंट फ्रान्सिस असिसीच्या नावाचं कॅथेड्रल. नावाचा इथे संबंध आहे. सुरुवातीच्या शतकांत बिशप आसनावर बसूनच उपदेश करत. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप योहान ख्रिसोस्तोम मात्र लोकांना ऐकू यावं म्हणून पुढच्या चौथऱ्यावर येऊन बोलायचा. पुढे तेराव्या शतकात याच फ्रान्सिसच्या पंथाचे फ्रान्सिस्कन आणि त्यांच्यासारखेच डोमिनिकन साधू गावोगाव उपदेश करू लागले, आणि इटलीत पुलपिट ही शिल्पकारांची मोठी कामगिरी झाली. पिसाच्या बाप्तिस्मागृहातलं निकोला पिसानोचं षट्कोनी संगमरवरी पुलपिट १२६०चं. गोव्याला जाणाऱ्यांनी तिथल्या बॉम जेझू चर्चचं कोरीव लाकडी पुलपिटही बघावं. ते वेदीपाशी नसून बाजूच्या भिंतीवर, लोकांच्या अंगावर आलेलं आहे, कारण तेच ऐकू जाण्याचं.

कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) कॅथलिक चर्चांत उंच पुलपिट मागे पडलं आणि वेदीजवळचा अँबो, म्हणजे वाचनासाठीचा बुटका मंच, आला. नियमाप्रमाणे तो पक्का बसवलेला हवा, हलवता येणारं स्टँड नव्हे. त्यावरून शास्त्रवाचन, स्तोत्र आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीची घोषणा. प्रवचन आणि विश्वासूंच्या प्रार्थनाही चालतात. गायकवृंदाच्या सूचना, सहलीची वर्गणी, गाडी हलवा वगैरे मात्र तिथून नाही. हा नियम सगळीकडे सर्रास मोडतो, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो.

मराठी माणसाला इथे कीर्तन आठवतंच. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, त्यात बोलणारा मोकळा फिरतो, गातो, श्रोत्यांच्या डोळ्यांत बघतो. पुलपिट नेमकं उलट करतं, बोलणाऱ्याला जागेवर खिळवतं. शास्त्र उघडं ठेवून एका उताऱ्यावर अर्धा तास बोलायचं तर ते बंधन बरं पडतं.

जाताना एवढं ध्यानात ठेवा: इतर दिवशी दारं बंद असतात, चौकीदाराला विचारावं लागतं. पाळकांना किंवा फादरना विचारल्याशिवाय पुलपिटावर चढू नये, फोटोही विचारून. पुढे लोंबणाऱ्या कापडाचा रंग बघा: ख्रिस्तजन्माच्या आधीच्या आगमनकाळात आणि लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात) जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या सणाला) लाल, एरवी हिरवा. ऑगस्टमध्येही जांभळा दिसला तर समजा, ते बदलायचं कुणाच्या ध्यानात राहिलेलं नाही.