आमच्या चाळीत खून करून दाखवा

गेल्या महिन्यात मी माटुंगा रोड स्टेशनवर पुरुषांच्या मुतारीकडे बघत उभी होते. हातात पुस्तक, खांद्याला डब्याची पिशवी, आणि चेहऱ्यावर बहुतेक फारच गंभीर भाव असणार कारण एक आजोबा मुद्दाम थांबून म्हणाले, "लेडीजचं तिकडे पुढे आहे हो." मी थँक्यू म्हणून पुढची स्लो पकडली. आता त्यांना काय सांगणार की काका, मी खुनाची जागा बघायला आलेय.

तर झालं असं की मी जेरी पिंटोंचं 'मर्डर इन माहीम' वाचत होते. २०१७ चं आहे, मी उशिराच वाचलं. त्यात माटुंगा रोडच्या मुतारीत एका तरुणाचं प्रेत सापडतं तिथून सगळं सुरू होतं. मी रोज बोरिवलीहून येते, सकाळी फास्ट, म्हणजे माटुंगा रोड हे माझ्यासाठी दादरला उतरायला दाराकडे सरकायचं स्टेशन. खिडकीतून झपकन जातं. आणि त्या दिवशी पानावर माटुंगा रोड आणि बाहेर पण माटुंगा रोड, असं एकदम जुळून आलं आणि अंगावर काटाच आला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम स्लो घेतली.

(बाहेरगावच्यांसाठी: माटुंगा वेगळं आणि माटुंगा रोड वेगळं. माटुंगा सेंट्रलला, माटुंगा रोड वेस्टर्नला, मध्ये तो झेड ब्रिज. ज्याला हे माहीत नाही त्याने मुंबईवर कादंबरी लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी एकदा एक पुस्तक फक्त एवढ्यासाठी अर्ध्यात सोडलंय की त्यातला हिरो हार्बरची फास्ट पकडतो. हार्बरची फास्ट! कुठून येते ती आम्हालाही सांगा.)

स्वतःच्या शहरातली गुन्हेगारी कादंबरी वाचायची म्हणजे आधी हेच होतं, आपण खुनी शोधायचं सोडून चुका शोधत बसतो. कुलाब्याहून अंधेरीला वीस मिनिटांत पोचला, अरे कसा पोचला, सिग्नल नव्हते का. पण बरीच वर्षं अशी पुस्तकं वाचल्यावर माझ्या लक्षात आलंय की रस्ते चुकले तरी मी माफ करते. मला जे खरं खटकतं ते वेगळंच आहे. मला खटकतं की मुंबईतल्या कादंबऱ्यांमध्ये लोकांना खून करायला एकांत मिळतो. कुठे मिळतो हो? आम्हाला तर फोनवर बोलायला मिळत नाही.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. तीन मजले, लाकडी कठडा, एका मजल्यावर अकरा बिऱ्हाडं, संडास टोकाला. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळ्यांची दारं उघडी, आणि बंद असलंच एखादं तर लगेच चौकशी, काय ग बरं नाही का आईला. कोणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना हातात काय होतं, सगळी नोंद. लिहून कोणी ठेवत नव्हतं इतकंच.

आमच्याकडे एकच गुन्हा झाला होता माझ्या आठवणीत. मी सातवी-आठवीत असेन. पहाटे दाराशी लटकवलेल्या दुधाच्या पिशव्या गायब व्हायला लागल्या. रोज नाही, आठवड्यातून दोनदा वगैरे, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या दारातून. पुरुष मंडळींनी रीतसर मीटिंग घेतली, भय्याला दम दिला, दोन मुलं पहाटे चारला पहाऱ्याला बसली आणि साडेचारला झोपली. आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक आजी राहायच्या, त्या या सगळ्यात काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा सगळ्या घरी दुधाच्या पिशव्या कापून धुऊन वाळत घालायचे, वाळल्या की रद्दीवाल्याला. एका घरी रोज निळी पिशवी यायची, गायीची, आणि एक दिवस त्यांच्या दोरीवर एक निळी नि एक हिरवी वाळत होती. आजी संडासाला जाता जाता दारात थांबल्या आणि गोड आवाजात विचारलं, "पाहुणे आलेत का ग तुमच्याकडे?"

बस. एवढंच. त्यानंतर पिशव्या जायच्या बंद झाल्या. नाव कोणी घेतलं नाही, भांडण नाही, आणि त्या बाईंशी आजींचं बोलणंही तसंच चालू राहिलं, मला तर पुढे बऱ्याच वर्षांनी आईने सांगितलं तेव्हा कळलं कोण होतं ते.

आता मला सांगा, जिथे हिरव्या पिशवीवरून चोर सापडतो तिथे खून करून कोण पचवणार? दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला माहीत. पोलिसांनी फक्त येऊन चहा घ्यायचा आणि पंचनामा करायचा.

म्हणून मला वाटतं की मुंबईवर रहस्यकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला आधी एक बंद दार शोधावं लागलंय. तुम्ही एकेक काढून बघा.

बाबूराव अर्नाळकरांपासूनच बघा. माझ्या आजोबांकडे त्यांची पुस्तकं होती, काही होती म्हणजे सर्क्युलेटिंग लायब्ररीला परत न केलेली होती. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने, काळा पहाड, झुंजार, धनंजय असे हिरो घेऊन. आजोबा चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, बाजूला सहा माणसं झोपलेली असताना, झिरोच्या बल्बखाली ते वाचायचे. आणि मी पण तिथेच बसून वाचलीत सुट्टीत. बंगले, तळघरं, मध्यरात्री निर्मनुष्य रस्त्यावर भरधाव जाणारी मोटार! निर्मनुष्य रस्ता ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा अर्नाळकरांमध्ये वाचली, गिरगावात पाहिली नव्हती. लोक म्हणतात खुनाचं थ्रिल असायचं, मला वाटतं अर्धं थ्रिल स्वतंत्र खोल्यांचं असणार.

मग तो कीटिंग. एच. आर. एफ. कीटिंग, इंग्रज लेखक. याची गंमत म्हणजे अमेरिकेतल्या प्रकाशकांना त्याची आधीची पुस्तकं फारच ब्रिटिश वाटत होती, म्हणून त्याने गोष्ट मुंबईत आणली, स्वतः कधी भारतात पाऊल न ठेवता. 'द परफेक्ट मर्डर' १९६४ ला आलं, तिकडचं मोठं बक्षीस मिळालं, आणि साहेब मुंबई बघायला आले दहाएक वर्षांनी. तोपर्यंत इन्स्पेक्टर घोटेची मालिका जोरात चालू. मी वाचायला घेतलं तेच मुळी चुका काढायला. आणि सापडल्या की! इन्स्पेक्टर गणेश घोटे, मुंबई सीआयडी, आणि बायकोचं नाव काय तर प्रोतिमा. घोटेंच्या घरात प्रोतिमा कशी आली, लव्ह मॅरेज का, कुठे भेटले, यावर मी खुनापेक्षा जास्त विचार केलाय. बोलतात सगळे एकजात "आय अॅम थिंकिंग" छापाचं इंग्रजी. पण घोटे मला आवडला. बिचारा सारखा दबलेला, वरचे साहेब ओरडणार, घरी बायको ओरडणार, पैसेवाल्याच्या दारात गेला की घाम. असा सरकारी नोकर मला अगदी ओळखीचा वाटला. आणि गुन्हा कुठे? अर्थातच लालाजींच्या भल्यामोठ्या घरात, गेटच्या आत. लांब लंडनमध्ये बसूनसुद्धा त्याला कळलं की गेट पाहिजे.

सुजाता मॅसींनी तर सरळ मलबार हिल घेतली. 'द विडोज ऑफ मलबार हिल', २०१८. काळ १९२१ चा, पर्वीन मिस्त्री नावाची पारशी वकील, आणि पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा. घराचा कारभार बघणारा माणूस आतच मारला जातो. पुरुष पोलिसांना बायकांसमोर जाता येत नाही, वकील बाई असल्यामुळे तिला जाता येतं. मला हे फार हुशारीचं वाटलं, कारण इथे बंद दार नुसतं लाकडाचं नाहीये. (त्या काळात बायकांना हायकोर्टात उभंच राहू देत नव्हते, त्यामुळे पर्वीन ऑफिसातूनच काम करते, हेही नीट घेतलंय.)

पण खऱ्या मलबार हिलवर काय झालं? १२ जानेवारी १९२५ ला बावला खून झाला तो तिथेच. इंदूरच्या दरबारातून पळालेली मुमताज आणि व्यापारी अब्दुल कादर बावला मोटारीतून जात होते, दुसरी मोटार आडवी घातली, बावलाला गोळ्या घातल्या, तिच्या चेहऱ्यावर वार केले. संध्याकाळची वेळ, श्रीमंतांची टेकडी, तेव्हा तर केवढी शांत असेल. आणि नेमके त्याच वेळी गोल्फ खेळून परत चाललेले ब्रिटिश अधिकारी तिथे टपकले. एकाने गोल्फच्या काठीने हाणामारी केली, हल्लेखोर पकडले गेले, आणि शेवटी पुढच्या वर्षी इंदूरच्या महाराजांना, तुकोजीराव होळकरांना, गादी सोडावी लागली. म्हणजे बघा, १९२५ ची मलबार हिल, तरीसुद्धा बघणारा निघालाच!

'सेक्रेड गेम्स' मी लॉकडाऊनमध्ये वाचलं, नऊशेच्या आसपास पानं आहेत, तेव्हाच शक्य होतं. विक्रम चंद्रांनी तर बंद दाराचा कहरच केलाय. एवढा मोठा डॉन गणेश गायतोंडे, अख्खं शहर मुठीत, आणि तो शेवटी कुठे सापडतो तर एका सिमेंटच्या खोक्यात. (पेटी-खोक्यातलं खोकं नव्हे, खरंखुरं घनाकार.) दार फोडायला इन्स्पेक्टर सरताजला बुलडोझर आणावा लागतो. मुंबईत एकटं राहायचं तर एवढं करावं लागतं, हे मला तरी पटलं. पण मला त्यात खरा आवडला तो काटेकर, हवालदार. तो आमच्या चाळीत राहत असता तर शोभला असता.

आणि म्हणून परत 'मर्डर इन माहीम'. पिंटोंनी बंगला घेतला नाही, खोकं बांधलं नाही. त्यांनी विचार केला असणार की ज्याच्याकडे बंगला नाही त्याने कुठे जायचं? घरात सात माणसं, बाहेर कठड्यावर आजी बसलेली, आणि तुमचं प्रेम असं आहे की ज्याला कायदाच गुन्हा म्हणतो. कलम ३७७ तेव्हा होतं अजून, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये सज्ञानांच्या संमतीपुरतं रद्द केलं, पुस्तक त्याच्या आधीचं. तर अशा माणसाला या शहरात दार लावून घ्यायला जागा कुठली? स्टेशनवरची मुतारी. हजारो लोक बाजूने जातायत आणि कोणी बघत नाही, कारण तिथे सगळे खाली मान घालून जातात. रिटायर्ड पत्रकार पीटर डिसोझा तपासात ओढला जातो आणि मग त्याला स्वतःच्या मुलाबद्दल शंका यायला लागते, तो भाग मी दोनदा वाचला. इन्स्पेक्टरचं आडनाव इंग्रजीत वाचताना मात्र सारखं अडत होते, जेंडे की झेंडे? मी मनातल्या मनात झेंडे केलं, शोभराजला पकडणाऱ्या मधुकर झेंड्यांमुळे ते आडनाव आपल्याकडे खाकीतच दिसतं.

हे वाचल्यावर मला त्या आजींची पण जरा वेगळी आठवण आली. दुधाची चोरी पकडली म्हणून आम्ही कौतुक करतो. पण त्यांच्या नजरेतून अजून काय काय सुटलं नसेल, आणि त्या नजरेला घाबरून कोण कोण कुठल्या कुठल्या स्टेशनांवर गेलं असेल. आमच्या खालच्या मजल्यावर एक दादा होते, लग्न केलं नाही, रोज रात्री जेवण झालं की "जरा चौपाटीवर जाऊन येतो" म्हणून जायचे. तेव्हा सगळे हसायचे, एवढं काय असतं रोज चौपाटीवर. मला काहीही माहीत नाही त्यांच्याबद्दल, आणि माझा काही संबंधही नाही. एकट्याने समुद्र बघायला जात असतील. तेही एक कारण असू शकतं ना, अकरा बिऱ्हाडांत.

जाता जाता एक तक्रार. जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला आणि खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं. आता यापुढच्या पुस्तकांत इन्स्पेक्टर काय म्हणणार? "एकशेतीन लावीन!" काही दम आहे का त्यात? तीनशेदोन म्हटलं की कसं दार आपटल्यासारखं वाटायचं.

आमची चाळ आता राहिली नाही, टॉवर झालाय. आई चौदाव्या मजल्यावर असते. मजल्यावर चार फ्लॅट, चारही दारं बंद, पॅसेजमध्ये कॅमेरा. आई दिवसभर आतलं दार उघडं ठेवते, नुसतं जाळीचं लावून, वॉचमनने दोनदा सांगून झालं की मावशी बंद ठेवा. रविवारी गेले होते तेव्हा मटार सोलता सोलता मी तिला मर्डर इन माहीमची स्टोरी सांगितली. मला वाटलं तो सगळा विषय ऐकून ती गप्प होईल किंवा काहीतरी दुसरं काढेल. तिने शांतपणे सगळं ऐकलं, मध्ये दोन शेंगा खाल्ल्या, आणि म्हणाली,

"प्लॅटफॉर्मवर बूटपॉलिशवाला असतो ना ग? त्याला विचारलं का त्यांनी?"