खाडे

परवा दुपारी जेवल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान उलटायला गेलो तर मागच्या महिन्याच्या चौकोनांत पेन्सिलीच्या बारीक फुल्या. दुधाचे खाडे. दूधवाला आता यूपीआय घेतो, हिशेब मोबाईलवर येतो, तरी फुली मारल्याशिवाय मला काय चैन पडत नाही, ही खोड आईची.

मंगळवार पेठेत राहायचो तेव्हा कॅलेंडरवर दोन खुणा असायच्या, फुली म्हणजे दूध नाही आणि गोल म्हणजे मावशी नाही. धुण्याभांड्याच्या मावशी. महिनाअखेरीला त्या दारातच उभ्या राहायच्या, आई बोट ठेवून गोल मोजायची, मग एखाद्यावरनं वाद, "त्यादिवशी उशिरा आल्ते की ओ वैनी, खाडा न्हाई त्यो." की मी पळत खोडरबर आणायला. पगारवाढीचं मात्र त्या कधी सरळ बोलायच्या नाहीत. आधी तांदूळ, मग रॉकेल, मग पोरीच्या वह्या, आणि शेवटी उंबऱ्याकडं बघत "बघा की काय हुतंय का". आई म्हणायची, दिवाळी होऊ दे. कुठली दिवाळी ते ठरलेलं नसायचं.

खासदारांना हे उंबऱ्याकडं बघणं नाही. मार्च 2025 मध्ये त्यांचा पगार महिना 1 लाखावरनं 1 लाख 24 हजार झाला, तोही 1 एप्रिल 2023 पासनं, म्हणजे मागच्या फरकासकट! 2018 लाच कायद्यात लिहून ठेवलंय, दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणं वाढ, कुणी मागायला नको. खरं सांगू का, मला त्यात गैर वाटत नाही, महागाई वाढली की पगार वाढावाच. पण केंद्रानं सुचवलेली देशभराची किमान रोजंदारी 2017 ला 176 रुपये होती, 2019 ला 178 झाली आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच बसली. बऱ्याच राज्यांचे दर जास्त असतात, मान्य, पण दोन रुपये? हा कुठला निर्देशांक म्हणायचा?

आणि खाडे त्यांनाही आहेत बरं का, अधिवेशनात हजेरी लागली नसेल तर त्या दिवसाचा 2500 चा भत्ता नाही. हजेरी लावून आत किती वेळ बसले, तो गोल कोण काढणार.

आता आमच्याकडं येतात त्या ताई वेगळ्याच. गेल्या आठवड्यात भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "दादा, पुढच्या महिन्यापासनं पाचशे जास्त." तांदूळ नाही, वह्या नाहीत, काही नाही. मी सवयीनं म्हटलं, बघू.

"त्यात बघायचं काय?" म्हणाल्या आणि नळ बंद केला.