भिंत उबदार हवी, आणि तिला वाळताही आले पाहिजे

कॅनडात ओटावाजवळ आम्ही बांधत असलेल्या लाकडी घराच्या बाहेरील भिंतींचा आराखडा आता निश्चित झाला आहे. इकडे घर बांधू पाहणारे बहुतेक मराठी परिचित "भिंतीत इन्सुलेशन किती घालणार?" असे विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की ती भिंत ओली झाली तर कोणत्या बाजूने वाळणार आहे.

हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. येथील जुन्या लाकडी घरांच्या भिंती पोकळ असत, घरातील उष्णता त्यांतून सतत निसटत असे आणि जळणाचा खर्च अफाट होई. परंतु फळ्यांत मुरलेले पावसाचे पाणी त्याच निसटत्या उष्णतेने वाळून जात असे. भिंतीची पोकळी इन्सुलेशनने भरली की बाहेरच्या अंगाचे लाकूड थंड पडते आणि त्याला वाळवू शकणारी उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे इन्सुलेशन जितके जाड, तितकी ओलाव्याच्या बाबतीत चूक सोसण्याची भिंतीची ताकद कमी. व्हँकूवर परिसरात १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या असंख्य इमारतींच्या लाकडी भिंती आतल्या आत कुजल्या आणि १९९८ साली त्यासाठी बॅरेट आयोग नेमावा लागला. त्यांपैकी अनेक इमारतींना वळचण जवळजवळ नव्हतीच, बाहेरचा गिलावा मागे पोकळी न सोडता थेट भिंतीवर बसवलेला होता आणि खिडक्यांच्या कडेने आत शिरलेल्या पावसाला बाहेर पडण्याची वाट नव्हती.

म्हणून आमच्या आराखड्यात पहिला मान पावसाला दिला आहे. बाहेरच्या फळ्या भिंतीला चिकटवलेल्या नाहीत. उभ्या पट्ट्यांवर ठोकून त्यांच्या मागे १९ मिलिमीटरची पोकळी ठेवली आहे, जी खाली आणि वर उघडी असून तिला किडे-मुंग्यांसाठी जाळी आहे. फळ्यांमागे पोहोचलेले पाणी या पोकळीतून खाली निथळते आणि उरलेली ओल वाहत्या हवेने वाळते. कोकणात पावसाळ्यापूर्वी पडवीला झापं बांधतात, ती सरी स्वतःवर झेलतात आणि मागची मातीची भिंत कोरडी राहते; तेच तत्त्व येथे आहे. वळचण दोन फुटांची ठेवली आहे आणि फळ्यांचा खालचा काठ जमिनीपासून किमान २०० मिलिमीटर वर आहे, जेणेकरून पागोळ्यांचे उडणारे पाणी लाकडाला लागू नये.

खिडक्यांवर मात्र मी सर्वाधिक वेळ दिला, कारण भिंतीत पाणी शिरते ते मुख्यतः तेथूनच. खिडकी कधीतरी गळणारच, हे गृहीत धरून खालचा उंबरठा बाहेरच्या बाजूला उतरता केला आहे, त्यावर जलरोधक पडदा कोपऱ्यांपर्यंत वर वळवून बसवला आहे आणि आतल्या काठाला छोटा बांध ठेवला आहे. चौकटीच्या वरच्या व दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सीलबंद होतील, परंतु खालची पट्टी मुद्दाम मोकळी राहील. ती बंद केली तर आत आलेले पाणी तेथेच साचेल. कारागीर सवयीने चारही बाजू बंद करतात, म्हणून ही सूचना नकाशावर ठळक अक्षरांत लिहिली आहे.

पावसानंतर क्रम लागतो तो हवेचा, आणि याविषयी लोकांच्या मनात बाष्परोधकाचे (भिंतीत आतून बसवायच्या, वाफ अडवणाऱ्या थराचे) स्थान वाजवीपेक्षा मोठे आहे. इमारतशास्त्रात नेहमी दिले जाणारे एक उदाहरण असे : थंड प्रदेशात भिंतीला आतून लावतात त्या जिप्सम बोर्डाच्या चार बाय आठ फुटी तक्त्यातून संपूर्ण हिवाळ्यात केवळ झिरपून जाणारी वाफ सुमारे एक तृतीयांश लिटर पाण्याइतकी असते, तर त्याच तक्त्याला एक चौरस इंचाचे भोक असल्यास त्यातून वाहणाऱ्या हवेबरोबर सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी भिंतीत जाऊ शकते. विजेच्या एका डब्याभोवतीची फट अख्ख्या भिंतीच्या बाष्परोधकावर पाणी फिरवते. म्हणून आमचा हवारोधक थर सांगाड्याच्या बाहेरील प्लायवूडवर, सांधे टेपने बंद करून, अखंड ठेवला आहे. तेथे तो वायर आणि नळांच्या छेदांनी फारसा फाटत नाही. कमी ऊर्जा लागणाऱ्या घरांसाठीचे येथील आर-२००० मानक ५० पास्कल दाबाला ताशी दीड हवाबदल (म्हणजे तासात घरातील सगळी हवा दीड वेळा बदलेल) इतकी गळती चालवून घेते; आम्ही त्याहून कमी गळतीचे उद्दिष्ट ठेवले आहे.

इन्सुलेशनची जागा हा खरा गाभा. दोन बाय सहा इंची लाकडांच्या सांगाड्यात आर-२२ चे मिनरल वूल (खनिज तंतूंचे इन्सुलेशन; आर हा आकडा जितका मोठा, तितकी उष्णता जास्त अडते) येईल आणि प्लायवूडच्या बाहेर चार इंच जाड कठीण मिनरल वूलचे पाट, सुमारे आर-१६ चे. ओटावात जानेवारीचे सरासरी तापमान उणे १० अंशांच्या आसपास असते. सगळे इन्सुलेशन सांगाड्यातच असते तर त्या दिवसांत प्लायवूड उणे ९ अंशांपर्यंत थंड राहिले असते. बाहेरच्या चार इंचांमुळे ते सुमारे ३ अंशांवर राहते, आणि २१ अंश तापमानाच्या, ३० टक्के आर्द्रतेच्या घरातील हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते) त्याच्या किंचित खाली आहे. उणे २५ अंशांच्या रात्री हा हिशेब टिकत नाही, हे खरे. परंतु अशा रात्री थोड्या असतात आणि मिनरल वूल वाफेला अडवत नसल्याने तेवढी ओल नंतर बाहेर वाळून जाते. भिंतीच्या मूळ ढाच्याबाहेर इन्सुलेशन ठेवून तो ढाचा उबदार राखावा हा विचार याच शहरात, नॅशनल रिसर्च कौन्सिल या सरकारी संशोधन संस्थेच्या नील हचन यांनी १९६० च्या दशकात तपशिलाने मांडला होता.

काही बांधकाम व्यावसायिक सुचवतात तशी एक इंचाची फोमची शीट बाहेर लावणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. तिने लाकूड पुरेसे उबदारही होत नाही आणि त्याची बाहेर वाळण्याची वाट मात्र अडते. आतून बाष्परोधक म्हणून पॉलिथिन असेल तर लाकूड दोन्हीकडून कोंडले जाते.

पॉलिथिन आम्ही आतूनही घातलेले नाही. येथील उन्हाळा दमट असतो, पावसाने भिजलेल्या बाह्य आवरणावर ऊन पडले की वाफ आत ढकलली जाते आणि वातानुकूलित खोलीमागच्या थंड पॉलिथिनवर तिचे पाणी होते. त्याऐवजी आर्द्रतेनुसार बदलणारा पॉलिअमाइडचा (नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा) पडदा निवडला आहे, जो कोरड्या हिवाळ्यात वाफेला अडवतो आणि भिंत दमट झाली की तिला आत वाळू देतो. परवानगी देणाऱ्या कार्यालयाला त्याची प्रमाणपत्रे जोडावी लागली, पण हरकत आली नाही. अशा हवाबंद घरात उष्णता परत मिळवणारी वायुवीजन यंत्रणा अटळ आहे, आणि हिवाळ्यात आर्द्रता ३० टक्क्यांवर ठेवण्याचे काम तीच करील.

कंत्राटदाराशी दोन अटी लेखी ठरल्या आहेत. ब्लोअर डोअर चाचणी (दारात पंखा बसवून घराची हवागळती मोजणे) बाहेरचे मिनरल वूल लावण्यापूर्वी होईल, म्हणजे सापडलेली फट टेपने बुजवता येईल. आणि सांगाड्यातील लाकडाची ओल मीटरने मोजून ती १९ टक्क्यांखाली आल्याशिवाय जिप्सम बोर्ड लागणार नाही, मग वेळापत्रक कितीही पुढे सरकले तरी चालेल.